नाव कमी करणेबाबत

मी हेमलता मुरलीधर सोवनी. वय सत्तर, राहणार घमापूर, जबलपूर, राष्ट्रीयत्व अमेरिकन. शेवटचा शब्द वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी हसून घ्यावं. निळा पासपोर्ट पहिल्यांदा हातात आला तेव्हा मीही हसले होते, आणि माझ्या मुलाला ते आवडलं नव्हतं.

हे कसं झालं ते सांगते. बत्तीस वर्षं मी खमरियाच्या फॅक्टरीत, टाइम ऑफिसात नोकरी केली. फॅक्टरीत दारूगोळा बनायचा आणि तो बनवणारी माणसं वेळेवर आली की नाही हे मी बघायची. मिस्टर रेल्वेत होते. मी रिटायर झाले आणि वर्षभरातच ते गेले. जाताना त्यांनी काही सांगितलं नाही. तसेही ते कमीच बोलायचे. आमचा एकुलता एक आलोक अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस गावी. आई एकटी कशी राहणार, म्हणून त्यानं मला नेलं आणि ग्रीन कार्ड करून दिलं.

ग्रीन कार्डाची गंमत अशी की ते ज्याच्याजवळ आहे त्यानं अमेरिकेतच राहायचं असतं. मधून घरी जाऊन आलं तर चालतं, पण घरी जाऊन रमलेलं चालत नाही. मी दर थंडीत जबलपूरला यायची आणि रमायची. एकदा गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करून घेतलं, त्यात सात महिने गेले. परत गेले तर एअरपोर्टवरच्या साहेबानं विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" मी खरं सांगितलं, "जबलपूर." पुढचा पाऊण तास आलोक फोनवरून त्याला समजावत होता की आईचं इंग्रजी कच्चं आहे.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, यावर एकच उपाय आहे. तू सिटिझन हो. मग तुला कोणी विचारणार नाही. वर्षभर रहा, दोन वर्षं रहा."

"कुठे?"

"जबलपूरला."

"म्हणजे जबलपूरला राहायचं म्हणून मी अमेरिकन व्हायचं?"

"एक्झॅक्टली," तो म्हणाला. इंजिनियर आहे. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग सुरू झाला माझा अभ्यास. शंभर प्रश्न पाठ करायचे होते: त्यांच्या घटनेत किती दुरुस्त्या झाल्या, कायदे कोण करतं, पहिला राष्ट्राध्यक्ष कोण. आपल्या घटनेत किती दुरुस्त्या झाल्या हे मला आजही माहीत नाही. ते कोणी विचारलंच नाही. इथे मी जन्मानंच पास झाले होते. सून संपदा रोज भाजी चिरताना माझी तोंडी परीक्षा घ्यायची आणि उत्तर चुकलं की कोथिंबिरीची जुडी हलवायची.

मुलाखतीला एक तरुण बाई होती. आलोकनं बजावून ठेवलं होतं की शेवटी बरेच प्रश्न येतील, कधी हे केलं का, कधी ते केलं का. सगळ्याला 'नो' म्हणायचं. मी म्हणत गेले. दहशतवाद? नो. छळ? नो. दारूचं व्यसन? नो. मग तिनं विचारलं, तुम्ही कधी कोणाला शस्त्रं पुरवण्याच्या कामात होता का? मी म्हटलं, "बत्तीस वर्षं."

तिनं पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगितलं: सरकारी फॅक्टरी, सरकारी नोकरी, आणि शस्त्रांना मी कधी हातही लावला नाही, हात लावणारे किती वाजता आले एवढंच लिहिलं. ती हसली. सरकारी नोकरी म्हणजे काय हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तीही तीच करत होती.

शपथेच्या दिवशी कोर्टाच्या हॉलमध्ये आम्ही साठेक जण हात वर करून उभे होतो. आजवर ज्या कुठल्या राजाशी, सत्तेशी, देशाशी निष्ठा असेल ती मी पूर्णपणे सोडते, असं म्हणायचं होतं. आणि कायद्यानं सांगितलं तर अमेरिकेसाठी शस्त्र उचलेन, असंही. माझ्या गुडघ्यात नवीन वाटी बसवलेली. जिना चढताना मी कठड्याला धरते, आणि तो देश माझ्या भरवशावर बसला. संपदानं घरी केक आणला होता, त्यावर झेंडा. माझ्या वाट्याला तीन तारे आले.

भारताचा पासपोर्ट परत करायचा होता. त्याचा फॉर्म आलोकनं जेवणाच्या टेबलावर बसून भरला आणि पासपोर्ट पोस्टानं पाठवला. काही आठवड्यांनी तो शिक्का मारून परत आला, सोबत एक सर्टिफिकेट: सदर व्यक्तीनं भारतीय नागरिकत्व सोडलेलं आहे. फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा भाषणं झाली होती, शाल मिळाली होती, स्टीलचा डबा मिळाला होता, फोरमन रडला होता. देश सोडला तेव्हा कुरिअरवाल्यानं दाराची घंटीसुद्धा वाजवली नाही, पाकीट पायरीवर ठेवून गेला. मी ते सर्टिफिकेट दोनदा वाचलं. मग रद्द पासपोर्टातला माझा फोटो बघत बसले. त्यात माझं कुंकू थोडं वाकडं होतं. संपदानं विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चष्मा पुसून राहिली."

नंतर आलं ओसीआय कार्ड. या कार्डावर मी आयुष्यभर भारतात येऊ-जाऊ शकते, विनाअट. म्हणजे मला माझ्या घरी यायला सरकारनं आजन्म परवानगी दिली आहे. मिळाली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. न ठेवून काय करते.

दीड वर्षानं, गेल्या ऑक्टोबरात, आलोकनं म्हटल्याप्रमाणे मी हवं तितकं राहायला जबलपूरला आले. घर उघडलं, जाळी काढली, नळ दुरुस्त करून घेतला. तिसऱ्या दिवशी बापूसाहेब पागे आले.

बापूसाहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. वय ब्याऐंशी. त्यांचं घराणं भोसल्यांच्या घोडदळाबरोबर जबलपुरात आलं आणि त्यानंतर घोडे गेले, भोसले गेले, फक्त पागे राहिले. याची सनद त्यांच्या बैठकीत फ्रेम करून लावलेली आहे आणि चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत ते तिचा उल्लेख करतात. सोबत त्यांची नात चिन्मयी होती. ही पोर बावीस वर्षांची, मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते.

"हेमलताबाई," बापूसाहेब म्हणाले, "तुम्ही आपल्या मंडळाचं नाव साता समुद्रापार नेलं."

"मी तर फक्त लोणचं नेलं होतं, बापूसाहेब."

"तेच ते. या सव्वीस जानेवारीला मंडळात झेंडावंदन तुमच्या हातून. ठरलं. सव्वादोनशे वर्षांत आमच्या घराण्यानं..." आणि मग सनद आली.

त्यांना वाटत होतं मी मुलाकडे नुसती राहायला जाते. मी सांगायला तोंड उघडलं, पण ते उठले, कारण त्यांना अजून दोन घरी नावं साता समुद्रापार गेल्याबद्दल अभिनंदन करायला जायचं होतं.

नोव्हेंबरात मतदार याद्यांची तपासणी सुरू झाली. घरोघरी फॉर्म वाटायला शिक्षकांना लावलेलं होतं. आमच्या गल्लीला मनीषा आली. ही आमच्या टाइम ऑफिसातल्या रामकृष्ण सोनटक्क्यांची मुलगी, सरकारी शाळेत गणित शिकवते. खांद्याला दोन पिशव्या, पायात स्पोर्ट शू, चेहऱ्यावर पंधरा दिवसांची धूळ. तिनं माझ्या नावाचा छापील फॉर्म काढला. वर माझा फोटो.

"काकू, बस इथे सही करा. तुमचं तर सोपं आहे, जुन्या यादीत पण नाव आहे."

मी फॉर्म वाचला. खाली लिहिलं होतं की मी भारताची नागरिक आहे. मी चष्मा काढून ठेवला.

"मनीषा, मी नाही करू शकत. मी आता नागरिक नाही."

"अच्छा?" ती खुर्चीवर सावरून बसली. "काहून? काय केलं तुम्ही?"

जसं काही पोलीस मागावर आहेत. मी सगळं सांगितलं. ती विचार करत म्हणाली, "पण काकू, कोणाला माहीत आहे? नाव यादीत आहे, फोटो तुमचा आहे, तुम्ही समोर बसून आहे. सही मारा आणि चलो."

"खोटं होईल ते."

"मग मी काय लिहू? मृत लिहू?"

"मी चहा करून देऊन राहिली आहे तुला."

"कायमचं स्थलांतर?"

"घमापुरातून घमापुरात?"

तिनं तिच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ "जी सर, जी सर" झालं. मग पिशवीतून एक वेगळा फॉर्म काढला. नाव कमी करण्याचा. त्यात कारणांत लिहिलेलं होतं: भारतीय नागरिक नाही. "आहे काकू, सोय आहे," मनीषा म्हणाली. "पण हा फॉर्म लोक दुसऱ्याचं नाव कापायला भरतात. स्वतःचं कापणारं मी पहिल्यांदा पाहून राहिली."

मी लिहायला घेतला. शपथ घेताना मला काही जड गेलं नव्हतं. साठ जणांच्या गर्दीत हात वर करणं सोपं असतं. पासपोर्ट आलोकनं पाठवला होता. हे मात्र माझ्या हातानं होत होतं, माझ्या डायनिंग टेबलावर, माझ्या अक्षरात. याच गल्लीच्या शाळेत मी पंचवीस-तीस वर्षं मत दिलं. मिस्टर आणि मी सोबत जायचो, वेगवेगळ्या रांगांत उभे राहायचो आणि परत येताना कोणाला दिलं हे एकमेकांना कधी सांगायचो नाही. आमच्या संसारात तेवढं एकच गुपित होतं. त्यांचं नाव ते गेल्यावर कमी झालं. मी जिवंत असून माझं कमी करून घेत होते, तेही रांगेत उभं न राहता.

मनीषानं फॉर्म घेतला, घडी न घालता जपून ठेवला. जाताना म्हणाली, "काकू, तुम्ही मोठं काम केलं. पण कोणाला सांगू नका हो, लोक काही पण समजतात."

संध्याकाळपर्यंत ही बातमी घमापुरातून निघून बाजारातल्या बड्या फुहाऱ्याला वळसा घालून परत घमापुरात आली होती. मनीषानं सांगितली नाही, शपथ घेऊन म्हणाली; तिनं फक्त तिच्या साहेबांना फोन केला होता, आणि तो माझ्या उघड्या खिडकीशी बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब हजर. या वेळी बसलेच नाहीत. उभ्यानंच सुरू झाले.

"हेमलताबाई, देश म्हणजे काय लुगडं आहे, बदललं? ज्या मातीत वाढलो तिला असं लिहून सोडून द्यायचं? आमच्या घराण्यात सव्वादोनशे वर्षांत कोणी..."

"बसा तर खरं."

"नाही, बसायला मन होऊन नाही राहिलं." मग बसले, कारण चहा आला होता. "झेंडावंदनाचं आता पाहावं लागेल. परदेशी व्यक्तीच्या हातून... मंडळात चर्चा करावी लागेल."

"करा ना. मला काही घाई नाही."

त्यांनी चहा संपवला, दोन खारे शंकरपाळेही घेतले आणि देशाच्या वतीनं दुखावले जाऊन निघून गेले. मला वाईट वाटलं. ते बोलले ते मीच स्वतःला शिक्कावाला पासपोर्ट हातात घेऊन बोलले होते, फक्त त्यात घोडदळ नव्हतं.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज एकदम लोण्यासारखा. "हेमलताबाई, आपल्या चिन्मयीला ओहायोला ॲडमिशन मिळून राहिली आहे. एमएस. पहिले काही महिने आलोककडे राहिली तर? तिकडे आपलं माणूस असलं की बरं पडतं."

"बापूसाहेब, परवाच तर मी आपली राहिले नव्हते."

"ते वेगळं," ते म्हणाले. "देशाचं वेगळं, घरचं वेगळं." आणि जरा खालच्या आवाजात, "शिकून झाल्यावर तिथेच काही जमतं काय हो? म्हणजे कायमचं?"

मी म्हटलं, आलोकला विचारते. विचारायला काय होतं. संध्याकाळी चिन्मयी स्वतः आली, पेढे घेऊन. निघताना दाराशी थांबली आणि म्हणाली, "आजी, एक बात है. मैं वापस नहीं आऊँगी, पर आजोबा को मत बताना. उनको बहुत बुरा लगेगा." मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि सांगितलं की नाही सांगणार. एका घरातली दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून ठेवत होती, आणि दोघांच्याही विश्वासाला पात्र ठरले होते मी, देश सोडलेली बाई.

तोवर फॉर्मांचं काम गल्लीत तापलं होतं. प्रत्येकाला वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत आपलं किंवा आईवडिलांचं नाव शोधून त्याचा भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहायचा होता. मनीषाला बसायला जागा नव्हती. लोक तिला भररस्त्यात थांबवून विचारत होते. मी म्हटलं, माझ्या व्हरांड्यात बस. माझं टेबल मोकळं आहे, मला काही भरायचं नाही. ती बसली आणि रडली. दोन मिनिटं रडली, पाणी प्यायली आणि पुढचा फॉर्म घेतला.

असं काम चालू असताना एक दिवस बापूसाहेब आले. काखेत फ्रेम. फ्रेममध्ये सनद. त्यांनी ती टेबलावर फॉर्मांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"हे घ्या. याहून जुना पुरावा कोणाजवळ असेल तर दाखवा."

मनीषा मोडी वाचू शकत नव्हती. बापूसाहेबही वाचू शकत नव्हते, पण त्यांना पाठ होती. तिनं हात जोडले. "आजोबा, यात भाग क्रमांक नाही. तुमचं नाव मला या भागाच्या जुन्या यादीत सापडून नाही राहिलं. मी तीनदा पाहिलं."

"नाही कसं? मी इथला आहे!"

"आजोबा, मला माहीत आहे तुम्ही इथले आहे. पण फॉर्मला माहीत नाही."

बापूसाहेब खुर्चीवर बसले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "हेमलताबाई, मला बाहेर काढतील काय हो?"

एवढ्या वर्षांत त्यांचं हे पहिलं वाक्य ज्यात भोसले नव्हते. हातावर म्हातारपणाचे डाग, स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. जरासा झाला, पण तो लगेच गेला.

"कोणी काढत नाही. आधी हे सांगा, तुमचं खरं नाव काय?"

"म्हणजे?"

"बापूसाहेब कोणी कागदावर लिहितं काय?"

खरं नाव निघालं दत्तात्रय रघुनाथ पागे. ते त्यांनी फॉर्मावर बरोबर लिहिलं होतं. मग मी विचारलं, तेव्हा राहत कुठे होतात? "इथेच, कायम इथेच," ते म्हणाले. चिन्मयी सोबत होती, ती मोबाईलमधून मान वर न काढता बोलली, "आजोबा, मेरे जन्म के टाइम तो हम कमानिया गेट वाले घर में थे ना? किराए के?"

किरायाचा उल्लेख होताच बापूसाहेबांनी सनदेकडे पाहिलं, जणू तिनं ऐकू नये. मग कबूल केलं की होय, तीन-चार वर्षं, घराचं काम चाललं होतं तेव्हा.

कमानिया गेटच्या भागांच्या याद्या चिन्मयीनं फोनवर उघडल्या. अक्षरं बारीक, पण मी बत्तीस वर्षं हजेरीपट वाचले आहेत. कुठल्याही पानावर बोट ठेवलं की माझा डोळा नाव पकडतो, कोण गैरहजर आहे तेही पकडतो. पहिला भाग, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्या भागात सातव्या पानावर दत्तात्रय रघुनाथ, वय साठ, खाली बायकोचं नाव. मी क्रमांक मोठ्यानं वाचला. मनीषानं लिहिला. बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, स्क्रीनवर नाक टेकवून आपलं नाव पाहिलं.

"बघा," ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

सनद काखेत मारून ते ताठ चालत गेले. पाच मिनिटांनी चिन्मयी धावत परत आली आणि मला घट्ट मिठी मारून गेली. बहुधा कोणीतरी तिला पाठवलं असावं. स्वतः येणं घराण्यात बसत नसेल.

त्यानंतर माझ्या व्हरांड्यात रांग लागली. "अम्मा, हमारा भी देख दो." सगळ्यात हाल सुनांचे. त्यांना आपल्या वडिलांची नावं माहेरच्या यादीत शोधायची होती, दमोहला, कटनीला, बालाघाटला, आणि वडील कुठल्या शाळेत मत द्यायला जायचे हे कोणत्या मुलीनं कधी विचारलं होतं? मी त्यांच्या माहेरी फोन लावायची. एका म्हातारीनं बालाघाटहून मला अर्धा तास तिच्या जावयाच्या तक्रारी सांगितल्या आणि शेवटी शाळेचं नाव सांगितलं. महिन्याभरात अर्ध्या महाकोशलातले बूथ मला पाठ झाले. शंभर प्रश्नांपेक्षा हे सोपं गेलं. गल्लीतल्या दोनशेच्या वर भारतीय नागरिकांचे फॉर्म एका अमेरिकन बाईनं नीट लावून दिले, आणि त्या महिन्यात मला कोणी परदेशी म्हटलं नाही. कामापुरतं माणूस आपलंच असतं.

मधे मंडळात चर्चा झाली. ठरलं असं की झेंडा बापूसाहेब स्वतः फडकवतील आणि मी व्यासपीठावर "विदेशी अतिथी" म्हणून बसेन. मी कळवलं की मी खाली सतरंजीवर बसेन, गुडघ्याला जमेल तशी.

डिसेंबरात एका सकाळी आलोकचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. त्याच्या मागे संपदा भांडी मशीनमध्ये लावत होती.

"आई, मार्चचं तिकीट कन्फर्म करतो."

"नको करू."

"मग एप्रिल?"

"आलोक, मी इथेच राहणार आहे."

त्यानं चेहरा स्क्रीनच्या जवळ आणला. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते कोलंबसचं नव्हतं. "काहून?" तो म्हणाला. अगदी दहावीत नापास होता होता वाचला तेव्हा म्हणायचा तसं. "कोणी काही बोललं काय तुला?"

"तूच बोलला होतास. सिटिझन हो आणि हवं तितकं रहा. राहून राहिली आहे."

"पण कायमचं? एकटी?"

"एकटी कुठे, घरात रोज चाळीस माणसं येऊन राहिली. आणि हे ऐक, मी चौकशी केली आहे. या ओसीआय कार्डाला पाच वर्षं झाली आणि शेवटचं वर्ष इथे राहिलं की परत भारताची नागरिक व्हायला अर्ज करता येतो. तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन."

"आई, त्यासाठी अमेरिकेची सिटिझनशिप सोडावी लागेल."

"सोडायची सवय झाली आहे आता."

त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला. त्याचे केस कानाजवळ पांढरे झालेले मला फोनवर पहिल्यांदा दिसले. "मी सगळं तुझ्यासाठीच केलं ना," तो म्हणाला.

"माहीत आहे रे. माझ्यासाठीच केलंस." हे मी टोमणा म्हणून बोलले नाही, आणि त्यालाही ते कळलं. "अर्ज मीच भरीन या वेळी. तू फक्त फोटो काढून दे, कुंकू सरळ आहे का ते बघून."

मग त्यानं चिन्मयीबद्दल विचारलं. तळघरातली खोली रिकामी करून ठेवली आहे म्हणाला.

डिसेंबरच्या शेवटी कच्ची यादी लागली. मनीषा आणि मी शाळेत जाऊन पाहून आलो. तिनं बोट ठेवून एकेक घर तपासलं. सगळे होते, दमोहची सून, कटनीची सून, दत्तात्रय रघुनाथ पागे. आमच्या घराच्या क्रमांकाच्या जागी पुढच्या घराचा क्रमांक होता. मधे कुठे मोकळी ओळसुद्धा सोडलेली नव्हती. मनीषानं माझा हात धरला. मी म्हटलं, "काम नीट झालं आहे. कुठे चूक नाही." आणि खरंच नव्हती.

ती शाळेतच थांबली. मी रिक्षा करून कमानिया गेटला गेले. कित्येक वर्षांत तिथली खव्याची जलेबी खाल्ली नव्हती. कढईवरच्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं.

"अरे अम्मा! कब आईं अमेरिका से? वापसी कब की है?"

"वापसी नहीं है, भैया."

त्यानं झारा थांबवला आणि काळजीनं विचारलं, "क्यों, निकाल दिया क्या उन लोगों ने?"

"उन्होंने नहीं," मी म्हटलं. "नाम तो यहाँ से कटा है. पाव किलो देना, गरम वाली."